नें, शीं आणि कडून

व्याकरणाचें नांव काढिलें कीं वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात, हें आम्ही जाणून आहों. शाळेंत असतांना ज्यांनीं विभक्तींचे तक्ते घोकून घसा कोरडा केला, त्यांनीं मोठेपणीं घरबसल्या पुन्हां त्याच वाटेस कां जावें, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, आठहि विभक्तींची पालखी आज आम्ही काढणार नाहीं. त्यांतील एकटी तृतीया घेऊन वाचकांशीं दोन घटका बोलावें, एवढाच बेत आहे. तीच कां घ्यावयाची म्हणाल, तर मनुष्य आणि हत्यार, धनी आणि चाकर, आपण आणि आपला सोबती यांचें परस्परांशीं नातें काय, हें भाषेस जेथें ठरवावें लागतें तें ठिकाण म्हणजे तृतीया. तेथें प्रत्येक भाषेनें आपापल्या स्वभावाप्रमाणें निवाडा दिला आहे. आणि आपल्या मराठीनें दिलेला निवाडा तर स्वयंपाकघरापासून आजाऱ्याच्या खाटेपर्यंत रोजच्या बोलण्यांत आढळतो.

प्रथम नांवाविषयीं. संस्कृत आणि मराठी वैयाकरणांनीं विभक्तींस नुसते क्रमांक दिले. प्रथमा, द्वितीया, तृतीया, जणूं पंचांगांतील तिथीच! युरोपांत चेक लोकांची हीच तऱ्हा आहे. त्यांच्या शाळांतील मुलें पहिलीपासून विभक्ति मोजीत सातवीपर्यंत जातात, आणि आपली तृतीया ती त्यांची सातवी. त्यांचे शेजारी पोलिश लोक मात्र तिला जें नांव देतात तें त्यांच्या भाषेंतील 'हत्यार' या शब्दावरून बनलेलें आहे. आणि रशियन लोकांनीं दिलेलें नांव 'घडविणें, निर्माण करणें' या अर्थाच्या धातूपासून निघालें आहे. एकानें हातांतील साधनाकडे पाहून नांव दिलें, दुसऱ्यानें घडविण्याच्या क्रियेकडे पाहून. एकाच विभक्तीचीं हीं दोन तोंडें आहेत, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा सारा भर त्यांवरच आहे.

हीं दोन तोंडें पाणिनीनें पूर्वींच ओळखलीं होतीं. त्यानें कारकांच्या व्याख्या निराळ्या केल्या आणि विभक्तींची वांटणी निराळी केली. क्रिया सिद्धीस जाण्यास जीं अनेक साधनें लागतात त्यांत जें सर्वांत अधिक उपकारक तें करण. आणि क्रियेंत जो स्वतंत्र तो कर्ता. सुतार कुऱ्हाडीनें लांकूड तोडतो, तेव्हां खालचा ठोकळा, दिवसाचा उजेड, पायांखालची जमीन हीं सारींच उपयोगी पडतात. पण घाव बसतो तो कुऱ्हाडीचा, म्हणून करणाचा मान तिचा. व्याख्या करतांना कर्ता व करण यांच्यामध्यें एवढी भिंत घातली. परंतु विभक्ति वांटण्याची वेळ आली तेव्हां त्यानें एकाच सूत्रांत दोघांसहि तृतीया देऊन टाकली. 'तक्ष्णा परशुना काष्ठं छिन्नम्' असें म्हटलें कीं सुतार आणि कुऱ्हाड एकाच पंक्तीस बसतात. कोणीं कोणास हातांत धरलें होतें, हें विभक्ति सांगत नाहीं; तें ऐकणारानें ओळखावयाचें. ज्यांच्या तोंडीं रामरक्षा आहे त्यांस हें नवें वाटूं नये. तिच्या अखेरीस एका श्लोकांत राम हा शब्द सर्व विभक्तींतून फिरून येतो. त्यांत तृतीयेंतला राम कोणाचें साधन नाहीं, तर राक्षसांची सेना मारणारा कर्ता आहे. त्या एका 'नें'त बाणहि बसतो आणि बाण सोडणाराहि.

आतां आपल्या घरांत येऊं. करण कशास म्हणावें याचा निर्णय पाणिनीनंतर कोणीं उत्तम केला असेल तर तो आमच्या मतें मराठी गृहिणींनीं. त्या सुरीनें भाजी चिरतात. पण विळी घेतली तर 'विळीनें' असें सहसा म्हणत नाहींत, 'विळीवर' चिरतात. दोन्हींस पातें आहे, दोन्हींनीं भाजीचे तुकडेच होतात. मग हा भेद कां? तर सुरी हातांत फिरते आणि भाजी स्थिर असते. विळी पायाखालीं स्थिर असते आणि भाजी फिरते. जें हाताबरोबर चालतें त्यास 'नें', जें बसून राहतें त्यास 'वर'. म्हणूनच वाटण पाट्यावर वरवंट्यानें होतें, पीठ जात्यावर दळलें जातें, खोबरें किसणीवर किसलें जातें आणि पुऱ्या कढईंत झाऱ्यानें उलटल्या जातात. हा नियम कोणत्याहि आईनें मुलीस शिकविलेला आम्हांस ठाऊक नाहीं. तरी तो चुकलेलाहि आम्हीं फारसा ऐकिला नाहीं.

साधन हें तृतीयेचें मुख्य काम; पण ती तेवढ्यावर थांबत नाहीं. भुकेनें जीव व्याकूळ होतो, तेथें ती कारण सांगते. आनंदानें जेवूं घातलें, तेथें रीत सांगते. ह्या वाटेनें जा, दोन दिवसांनीं ये, हा त्याच्याहून चार वर्षांनीं वडील, तो धंद्यानें वैद्य पण स्वभावानें तापट, अशीं तिचीं कामें मोजूं लागल्यास पान पुरणार नाहीं. दूरच्या रशियन भाषेंतहि तिचा संसार असाच वाढलेला आहे. तेथें 'उन्हाळ्यांत', 'रात्रीं' या अर्थाचीं पदें तृतीयेच्या रूपानें येतात. 'तो शिक्षक होता' असें म्हणतांना बहुधा 'शिक्षक' हा शब्द तृतीयेंत घालतात. आणि पोलिश भाषेंत तर 'मी शिक्षक आहें' या वर्तमानकाळच्या वाक्यांतहि तृतीयाच लागते. जणूं शिक्षकपण म्हणजे मनुष्य नव्हे. मनुष्यानें कांहीं काळ अंगावर घेतलेलें तें काम आहे. आपलें 'धंद्यानें वैद्य' हें त्याच जातीचें.

परंतु मराठीची खरी ओळख पटते ती भूतकाळांत. वर्तमानकाळीं 'राम आंबा खातो' म्हणतांना राम प्रथमेंत ताठ उभा असतो. तोच आंबा खाऊन झाला कीं 'रामानें आंबा खाल्ला'. राम तृतीयेंत गेला, आणि क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालूं लागलें. संस्कृतांतील कर्मणि भूतकृदन्ताची ही पुण्याई आहे. 'रामेण खादितम्' या वळणाचें बोलणें प्राकृतांतून उतरत आलें आणि मराठीच्या भूतकाळाचा तोच राजमार्ग झाला. गुजरातींतहि 'रामे केरी खाधी' असेंच म्हणतात. कोंकणींत ही जुनी चाल फार चांगली टिकली आहे. कोंकणी बोलणारा वर्तमानकाळीं 'हांव' असतो आणि आंबा खाऊन झाल्यावर 'हांवें' होतो. म्हणजे प्रथम पुरुषींहि तो कर्त्याची तृतीया उघड दाखवितो. आपल्या खेड्यापाड्यांतून 'म्यां सांगितलं' असें अद्यापि ऐकूं येतें, तें याच्याच जोडीचें. शहरी मराठींत मात्र 'मी जातों' आणि 'मी आंबा खाल्ला' हीं दोन्ही रूपें कानास एकच झालीं. लिहितांना पूर्वीं एका टिंबाचा भेद असे. 'मी' प्रथमा आणि 'मीं' तृतीया. सन १९६२ मध्यें शुद्धलेखनाचे नवे नियम झाले, त्यांत उच्चारांत नसलेले अनुस्वार गेले आणि त्यांबरोबर तें टिंबहि गेलें. नियम सोयीचे आहेत, त्यांविरुद्ध आमची तक्रार नाहीं. पण जुन्या सवयीनें आम्ही टिंब देतों, हें वाचकांस दिसतच असेल. गंमत अशी कीं, हा 'मी' शब्दच मुळांत संस्कृत 'मया' या तृतीयेच्या रूपापासून आला, असें भाषापंडितांचें मत आहे. हिंदीच्या 'मैं'चेंहि मूळ तेंच. म्हणजे ज्या 'मी'चा मनुष्यास एवढा अभिमान, तो 'मी' उत्पत्तीनें 'माझ्याकडून' असा आहे.

मराठीनें भूतकाळीं सर्वांस 'नें' लाविला असेंहि नाहीं. त्यानें भात खाल्ला, पण पाणी तो प्याला. गुरुजींनीं धडा शिकविला, आणि मुलगा तो शिकला. म्हणणें, बोलणें, जेवणें, विसरणें यांचे कर्ते प्रथमेंतच राहतात. ज्या क्रियेनें बाहेर कांहीं घडण्यापेक्षां करणारावरच अधिक परिणाम होतो, अशा कांहीं क्रियांस भाषेनें निराळें काढलेलें दिसतें. नियम काटेकोर नाहीं. पण तो पाहून कोणास कौतुक वाटणार नाहीं?

आतां सोबत्याकडे वळूं. संस्कृतांत सोबतीहि तृतीयेंतच असतो. मात्र पाणिनीनें तेथें एक मार्मिक अट घातली आहे. 'सह'बरोबर येणारी तृतीया गौण पदास होते. बाप मुलासह गांवास निघाला तर निघणारा मुख्य बाप. मुलगा त्याच्या मागें. निमंत्रणपत्रिकांतील 'सहकुटुंब सहपरिवार' हे शब्द वाचून घरांतील मंडळींनीं आम्हांस 'मग आम्ही गौण काय?' असें विचारिलें, तर पाणिनीच्या बाजूनें काय बोलावें हें आम्हांस सुचत नाहीं. रशियन लोकांनीं यांतून मोठी गोड वाट काढली आहे. 'मी आणि तूं' असें म्हणावयाचें असतां ते शब्दशः 'आपण तुझ्यासह' असें म्हणतात. बोलणारा एकटा पुढें जातच नाहीं. सोबत्याचें नांव येण्यापूर्वींच दोघांचा 'आपण' झालेला असतो.

साधन आणि सोबती यांस एकाच दोरीनें बांधावें कीं वेगळें ठेवावें, याविषयीं जगांतील भाषांत मोठा मतभेद आहे. रशियन भाषा दोघांस एकच विभक्ति देते. पण सोबत्यापुढें 'बरोबर' अशा अर्थाचें एक अव्यय घालते, हत्यारापुढें घालीत नाहीं. लॅटिन भाषेंत जुनी तृतीया पंचमींत मिसळून गेली. तरी तिनें तीन घरें राखलीं. तलवार नुसत्या विभक्तीनें येते, मित्रास 'कुम्' हें उपपद लागतें आणि कर्मणि वाक्यांतील कर्त्यास 'आब्' हें लागतें. त्यामुळें मारणारा आणि मारण्याचें हत्यार यांची गल्लत होत नाहीं. तमिळ वैयाकरण आपल्याप्रमाणेंच तिला तिसरी विभक्ति म्हणतात, आणि त्या एका नांवाखालीं दोन प्रत्यय ठेवतात. हत्यारास 'आल्', सोबत्यास 'ओडु'. तेलुगूचा 'तो' हा प्रत्यय चाकू व मित्र या दोघांसहि चालतो. हंगेरियन भाषेंतहि तसाच प्रकार. कानडीनें आणखीच निराळी जोडी जमविली. तिचा 'इंद' हा प्रत्यय हातानें केलें तेथेंहि येतो आणि घरांतून आला तेथेंहि येतो. हिंदीचा 'से' तर चाकू, घर आणि ज्याच्याशीं बोललों तो मनुष्य, या तिघांच्याहि दाराशीं उभा आहे.

इंग्रजीचा 'वुइथ' हा शब्द या बाबतींत पाहण्यासारखा आहे. मनुष्य तलवारीनें लढला, शत्रूशीं लढला, मित्रासह लढला, या तिन्ही गोष्टी इंग्रजींत त्या एकाच शब्दावर भागतात. कौतुकाची गोष्ट अशी कीं, त्या शब्दाचा जुन्या इंग्रजींतील मुख्य अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'बरोबर' या अर्थीं त्या काळीं 'मिड' असा दुसरा शब्द असे. तो पुढें लोपला, आणि सुइणीस म्हणतात त्या 'मिडवाइफ' शब्दांत तेवढा उरला. बाळंतिणीजवळ असणारी बाई, असा त्याचा अर्थ. इंग्रजीची तृतीया विभक्तिहि अशीच लोपली. परंतु तिचीं हाडें अद्यापि सांपडतात. कारण विचारणारा 'व्हाय' हा शब्द मूळचें 'काय' या सर्वनामाचें तृतीयेचें रूप आहे, म्हणजे आपला 'कशानें'! आज जगभर मुलें आईबापांस 'व्हाय, व्हाय' म्हणून भंडावून सोडतात, तीं नकळत एक मेलेली विभक्ति जागवीत असतात.

मराठीनें येथें स्वच्छ निवाडा दिला. हत्यारास 'नें', मनुष्यास 'शीं'. बोलणें, भांडणें, मैत्री करणें, लग्न करणें, वैर धरणें, हीं सारीं 'शीं'नें होतात. ज्यांत दुसऱ्या बाजूसहि जीव आहे, तेथें मराठी 'नें' येऊं देत नाहीं. वैयाकरणांनीं 'शीं'सहि तृतीयेच्या प्रत्ययांत बसविलें आहे. पण सासर एक असलें तरी जावाजावांचे स्वभाव एक थोडेच असतात!

मग मनुष्यास 'नें' केव्हां लागतो? एक, तो स्वतः कर्ता असतो तेव्हां. हें वर आलेंच आहे. दुसरें स्थळ शक्तीचें. 'मी चालत नाहीं' आणि 'माझ्यानें चालवत नाहीं' हीं दोन वाक्यें वाचकांनीं शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्यांत चालण्याचा नकार आहे. दुसऱ्यांत चालण्याची इच्छा शाबूत आहे, फक्त देह साथ देत नाहीं. 'मला चालवत नाहीं' असेंहि म्हणतात, आणि तेंहि बरोबरच आहे; पण 'माझ्यानें' या रूपांत मनुष्य आपल्याच देहाकडे एखाद्या बोथटलेल्या अवजाराकडे पाहावें तसा पाहतो.

या दोन वाक्यांतील अंतर केवढें आहे हें आम्हांस पुस्तकानें नव्हे, आमच्या आत्याबाईंनीं दाखविलें. उतारवयांत त्यांस पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. त्या वर्षीं आमची पुतणी सुट्टींत आमच्याकडे राहावयास आली होती. भाऊ परदेशीं नोकरीस, त्यामुळें ती तिकडेच वाढलेली. मराठी बोले ती घरांत ऐकून ऐकून आलेली, गोड आणि बिनचूक. एके दिवशीं ती वडिलांशीं टेलिफोनवर बोलत होती. आजीचें कसें आहे, असें भावानें विचारलें असावें. ती म्हणाली, "आजी हात उचलत नाही." खाटेवरून आत्याबाईंनीं हांक मारली. त्यांच्या जिभेसहि थोडें जडत्व आलें होतें. पण त्यांनीं एकेक शब्द सावकाश, पुरता उच्चारला. "उचलत नाहीं नव्हे ग. आजीच्यानें उचलवत नाहीं, असें सांग त्याला." मुलगी गोंधळली, तिला दोहोंत फरक दिसेना. तेव्हां त्या म्हणाल्या, "अग, उचलत नाहीं म्हटलें कीं मी हट्टी ठरतें. मला उचलावासा फार वाटतो."

त्यांस व्याकरणाचें नांव ठाऊक नव्हतें. शाळेंत त्या जेमतेम चौथीपर्यंत गेलेल्या. पण आपल्या नांवास लागलेली प्रथमा काढून तेथें तृतीया बसवावी, म्हणजे आपली अब्रू राहील, हें त्यांस नेमकें समजलें होतें. आम्ही खोलींत होतों, आणि त्या वेळीं आम्हांस पाणिनीचें आणखी एक सूत्र आठवलें. ज्या अवयवाच्या विकारामुळें मनुष्याचें वैगुण्य दिसतें, त्या अवयवास तृतीया होते. आपण म्हणतों, डोळ्यानें अंध, पायानें लंगडा, हातानें अधू. आजपर्यंत आम्हांस तो एक कोरडा नियम वाटे. त्या दिवशीं त्यांतील माणुसकी दिसली. 'आत्याबाई अधू झाल्या' असें येणारेंजाणारें म्हणत. पण व्याकरण म्हणतें, हातानें अधू. अधूपण हातापुरतें, बाकीच्या आत्याबाई होत्या तशाच आहेत.

आणि त्या होत्या तशाच होत्या, हें पुढें दिवाळींत दिसून आलें. परंतु ती हकीगत सांगण्यापूर्वीं 'कडून' विषयीं चार शब्द बोलणें अवश्य आहे. दुसऱ्यास कामास लावून आपण तें करवितों, तेव्हां त्या मध्यल्या मनुष्यास कोणती विभक्ति द्यावी? संस्कृतांत पुष्कळ वेळां तृतीयाच देतात. धनी नोकराकरवीं भात शिजवितो, तेथें 'भृत्येन' असें पद येतें. तरी पाणिनीनें नोकराचें कर्तेपण काढून घेतलें नाहीं. त्यानें करविणारास निराळी संज्ञा दिली, आणि करणारा आपल्या क्रियेंत कर्ता तो कर्ताच राहिला. मराठीनें तर येथें 'नें' बंदच केला. 'मीं सुताराकडून खुर्ची करविली' असें म्हणावें लागतें. 'सुतारानें खुर्ची करविली' म्हटल्यास खुर्ची करविणारा सुतारच होतो. दुसऱ्याच्या हातांतील अवजार म्हणून मनुष्य मराठींत 'नें' घेऊन उभा राहूं शकत नाहीं. 'कडून', 'करवीं', 'हातून', 'हस्तें' असे निराळे शब्द त्यास द्यावे लागतात. सुरी आणि सुतार यांच्यामध्यें ही जी रेषा आहे, ती आमच्या मतें आपल्या भाषेची मोठी मिळकत आहे.

दिवाळीस आमच्या घरीं रव्याचे लाडू आत्याबाईंचे, हा जुना शिरस्ता. त्या वर्षीं तें कसें व्हावें? आत्याबाई स्वयंपाकघरांत खुर्चीवर बसल्या आणि पुतणीस पुढें घातलें. रवा किती भाजावा हें त्या वासावरून सांगत. पाक झाला कीं नाहीं हें डाव्या हाताच्या दोन बोटांत तार धरून पाहत. वळले सगळे मुलीनें. पहिले कांहीं फुटले, पुढचे जमले. पाडव्यास पाहुणे आले आणि नेहमींप्रमाणें म्हणाले, "आत्याबाई, लाडू तुमच्या हातचेच!" आम्हांस वाटलें, त्या म्हणतील, 'छे, हिच्याकडून करवून घेतले.' तसें म्हणणें वावगें झालें नसतें. पण त्या म्हणाल्या, "केले हिनें. करविले मीं." एकेका वाक्यांत एकेक कर्ता, आणि दोघींसहि तृतीया. मुलीस त्यांनीं आपल्या हाताची जागा भरून काढणारें साधन केलें नाहीं, आणि आपला वांटाहि सोडला नाहीं. मुलगी कान टवकारून ऐकत होती. तिनें त्यांतील व्याकरण किती घेतलें तें देव जाणे. पण तिचा चेहरा आम्हीं पाहिला.

'करविले' हा शब्द ऐकून आम्हांस श्रवणबेळगोळ येथील शिलालेखाची आठवण झाली. कर्नाटकांत गोमटेश्वराच्या त्या प्रचंड मूर्तीच्या पायाशीं मराठींतील फार जुन्या लेखांपैकीं एक कोरलेला आहे. 'चावुण्डराजें करवियलें', एवढेंच तें वाक्य. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचा मंत्री चावुण्डराय यानें ती मूर्ति उभारविली, ही त्याची नोंद. मराठी भाषा दगडावर प्रथम दिसूं लागते त्या काळींच तिच्या जवळ 'एं' ही कर्त्याची तृतीया आहे आणि 'करविणें' हें प्रयोजक क्रियापद आहे. राजमंत्र्यानें 'केलें' असें म्हटलें नाहीं, 'करवियलें' असें म्हटलें. एवढा प्रांजळपणा त्यांत आहे. पण ज्यांनीं छिन्नीनें तो डोंगर घडविला त्यांचें नांव त्या वाक्यांत नाहीं. आत्याबाईंच्या दोन वाक्यांपैकीं एक तेवढें तेथें कोरलेलें आहे.

आज 'माझ्यानें करवत नाहीं' हें रूप मागें पडत आहे. तरुण मंडळी 'मी करूं शकत नाहीं' असें म्हणतात. तेंहि मराठीच आहे, आणि त्यानें काम भागतें. भाषा बदलते, तिला दटावून कोणी थांबविलेली नाहीं. ज्या इंग्रजीनें आपली तृतीया गमाविली तीहि आज जगभर सुखानें नांदते आहे. जुनें रूप गेलें तर सूर्य उगवावयाचा थांबणार नाहीं. पण जें रूप अद्यापि घरांत आहे, ज्यानें एखाद्या आजाऱ्याची इच्छा आणि त्याचा देह यांतील अंतर एका शब्दांत सांगतां येतें, तें आपल्या आळसानें कां गमवावें?

वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलांस विभक्तींचा तक्ता घोकवावयाचा तर खुशाल घोकवावा. पण त्याबरोबर त्यांस स्वयंपाकघरांत नेऊन सुरीनें आणि विळीवर यांतील भेद दाखवावा, वडील मंडळी 'माझ्यानें' म्हणतात तेव्हां काय म्हणतात तें ऐकावयास लावावें, आणि घरांत कोणतेंहि काम पार पडलें म्हणजे तें कोणीं केलें आणि कोणीं करविलें हीं दोन वाक्यें निरनिराळीं म्हणावयास शिकवावें. ह्यांपैकीं पहिलें वाक्य पुष्कळ घरांत म्हणावयाचें राहून जातें. तें ज्यांच्याविषयीं म्हणावयाचें त्या बहुधा आंत, चुलीपाशीं असतात.